तानपुरा कुठे गेला? ऑडॅसिटीमधील साउंड डिव्हाइस सेटिंग्जचे परीक्षण

अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे काम मी घरच्या डेस्कटॉप संगणकावर करतो आणि त्यासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर वापरतो. ते मोफत आहे, कापाकापी सोपी आहे, पार्श्वभूमीचा आवाज कमी करता येतो, अशी त्याची स्तुती सर्वत्र होते आणि ती रास्तच आहे. पण नवा माणूस ऑडॅसिटी सोडून देतो तो कापाकापीपाशी नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी, लाल बटण दाबल्यावर काहीच उमटत नाही किंवा उणे चिन्हाचा एक चार आकडी क्रमांक समोर येतो तेव्हा. म्हणून या परीक्षणात मी फक्त त्या एका भागाबद्दल लिहिणार आहे : माइक, हेडफोन आणि साउंड कार्ड यांची ऑडॅसिटीशी जुळणी कशी होते, कुठे बिघडते आणि ती दुरुस्त करताना हे सॉफ्टवेअर आपल्याला कितपत मदत करते. माझा अनुभव विंडोज १० आणि ११ वरचा, ऑडॅसिटीच्या ३ क्रमांकाच्या मालिकेतील आवृत्त्यांचा आहे.

ऑडॅसिटीची सुरुवात १९९९ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी केली, २००० मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले आणि २०२१ पासून ते म्यूझ ग्रुपकडे आहे. या इतिहासातली आपल्या कामाची गोष्ट एवढीच की ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालावे म्हणून उपकरणांशी स्वतः थेट बोलत नाही. पोर्टऑडिओ नावाचा एक मुक्त दुवा मध्ये असतो. माइकमधून निघालेला आवाज आधी ड्रायव्हरच्या, म्हणजे उपकरण आणि विंडोज यांना जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या हातात पडतो, तिथून विंडोजच्या, मग विंडोजने दिलेल्या तीनपैकी एका वाटेने पोर्टऑडिओकडे आणि सर्वांत शेवटी ऑडॅसिटीच्या पडद्यावर. यातल्या प्रत्येक टप्प्यावर आवाज अडू शकतो किंवा बदलू शकतो, आणि पडद्यावरचा संदेश मात्र शेवटच्या टप्प्यावरून दिलेला असतो. हे एकदा ध्यानात ठेवले, की पुढच्या बहुतेक अडचणींचा माग काढता येतो.

२०२२ साली आलेल्या ३.२ आवृत्तीपर्यंत होस्ट, रेकॉर्डिंग डिव्हाइस, चॅनेल आणि प्लेबॅक डिव्हाइस या चारही गोष्टी वरच्या पट्टीवर सदैव दिसत असत. त्या आवृत्तीपासून त्या ‘ऑडिओ सेटअप’ नावाच्या एकाच बटणामागे गेल्या. पडदा मोकळा दिसतो हे खरे, पण मला हा बदल पसंत नाही. कोणता माइक निवडलेला आहे हे ध्वनिमुद्रण सुरू करण्यापूर्वी डोळ्यांना दिसलेच पाहिजे, त्यासाठी बटण दाबायला लागू नये. सुदैवाने जुनी पट्टी काढून टाकलेली नाही. ‘व्ह्यू’ मधल्या ‘टूलबार्स’ मध्ये जाऊन ‘डिव्हाइस टूलबार’ वर खूण केली की ती परत येते, आणि ऑडॅसिटी बसवल्यावर मी सर्वप्रथम तेच करतो.

त्या पट्टीवरचा पहिला रकाना ‘होस्ट’ चा, म्हणजे विंडोजकडून आवाज कोणत्या वाटेने घ्यायचा याचा, आणि नवख्या माणसाला सगळ्यांत कमी कळणारा तोच. विंडोजवर तिथे तीन पर्याय असतात : एमएमई, विंडोज डायरेक्टसाउंड आणि विंडोज वासापी. एमएमई ही सर्वांत जुनी वाट, आणि आपोआप निवडलेली असते तीच. ती समजूतदार आहे. माइकचा नमुना-दर (दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) वेगळा असला तरी मधल्या मध्ये रूपांतर करून घेते आणि जवळजवळ कुठल्याही उपकरणाशी जमवून घेते. तिची एक खोड अशी की उपकरणाचे नाव ती ३१ अक्षरांवर छाटते. त्यामुळे एकाच ठेवणीची दोन लांब नावे अर्धवट कापली जाऊन सारखीच दिसू लागतात आणि कोणते यूएसबी माइकचे व कोणते वेबकॅमचे हे ओळखता येत नाही. वासापीमध्ये नावे पूर्ण दिसतात आणि आवाज कमी हातांतून जातो. पण ती नेमकेपणा मागते, आणि दर जुळला नाही तर अडून बसू शकते. वाचनासाठी मी एमएमईच वापरतो, आणि नावांचा घोळ झाला तर क्षणभर वासापीवर जाऊन खरे नाव पाहून परत येतो.

नाव पाहूनही शंका उरली तर खात्रीचा उपाय नखाचा आहे. मॉनिटरिंग, म्हणजे मुद्रण न करता माइकची पातळी नुसती मीटरवर दाखवणारी सोय, सुरू करावे, माइकच्या जाळीवरून नख हलकेच ओढावे आणि मीटरकडे पाहावे. योग्य माइक निवडलेला असेल तर हिरवी पट्टी नखाबरोबर उसळते. ती जागची हलली नाही, पण टाळी वाजवल्यावर हलली, तर संगणक दुसऱ्याच कुठल्यातरी माइकने ऐकतो आहे असे नक्की समजावे. ‘मायक्रोसॉफ्ट साउंड मॅपर’ निवडलेले असताना हे हमखास घडते, कारण मॅपर म्हणजे ठरावीक माइक नव्हे. विंडोजने त्या घडीला जो मुख्य मानला असेल तो. नवा वेबकॅम जोडला आणि विंडोजने त्यालाच मुख्य मानले, तर पुढचे ध्वनिमुद्रण गुपचूप वेबकॅमच्या माइकवरून होऊ लागते. मॅपर सोडून उपकरण नावानिशी निवडावे हे बरे.

उपकरण जोडलेले आहे पण यादीत दिसत नाही, ही तक्रारही मी अनेकांकडून ऐकली आहे. ऑडॅसिटी सुरू होताना उपकरणांची यादी एकदाच वाचते. नंतर जोडलेला यूएसबी माइक तिला ठाऊक नसतो. ‘ऑडिओ सेटअप’ मधले ‘रीस्कॅन ऑडिओ डिव्हाइसेस’ दाबले की तो दिसू लागतो. संगणक पुन्हा सुरू करण्याची गरज पडत नाही.

आता ज्या प्रसंगामुळे हे परीक्षण लिहावेसे वाटले तो सांगतो. माझ्या वहिनी गाणे शिकवतात. परगावच्या विद्यार्थिनींना रियाजासाठी आलाप पाठवता यावेत म्हणून त्यांच्या संगणकावर मी ऑडॅसिटी बसवून दिली. पहिले ध्वनिमुद्रण ऐकून त्यांचा फोन आला : ‘भाऊजी, माझा आवाज नीट आलाय, पण तानपुरा कुठे गेला?’ मी म्हटले, ‘वहिनी, माइक जरा तानपुऱ्याजवळ सरकवून बघा.’ त्यांनी सरकवला, तरी तानपुरा आला नाही. मग मी स्वतः जाऊन फक्त तानपुरा छेडायला सांगितला आणि दहा सेकंद मुद्रित केले. पडद्यावर जे दिसले ते अजून डोळ्यांसमोर आहे. सुरुवातीला बोटभर जाडीची भरदार पट्टी, आणि तिसऱ्या-चौथ्या सेकंदापासून ती बारीक होत होत पार दोऱ्याएवढी झालेली. वहिनी तारा त्याच लयीत, त्याच जोराने छेडत होत्या. त्यानंतर त्यांचा आलाप पुन्हा लक्ष देऊन ऐकला तेव्हा कळले की लांब धरलेल्या षड्जाचे शेपूटही प्रत्येक वेळी असेच विरून जात होते.

दोष माइकचा नव्हता आणि ऑडॅसिटीचाही नव्हता. त्या संगणकासोबत ध्वनी ‘सुधारणारा’ एक प्रोग्रॅम आलेला होता, आणि त्यातले गोंगाट-नियंत्रण सुरू होते. अशा प्रोग्रॅमची रीत अशी की जो आवाज न बदलता सतत चालू राहतो तो गोंगाट, आणि जो क्षणाक्षणाला बदलतो ते बोलणे, असे धरून चालायचे. पंख्याची घरघर काढून टाकायला आणि मीटिंगमध्ये बोलायला ही समजूत उपयोगी पडते. पण अखंड, एकसारखा नाद हेच तर तानपुऱ्याचे काम आहे. जे संगीताचे अधिष्ठान, तेच या प्रोग्रॅमच्या हिशेबी केर ठरले आणि ऑडॅसिटीच्या हाती येण्यापूर्वीच झाडले गेले. हार्मोनियमचा धरलेला सूर, सूरपेटी, शंखनाद, या सगळ्यांच्या बाबतीत हेच होऊ शकते. ऑडॅसिटीत कितीही शोधले तरी त्यावरचा इलाज सापडणार नाही, कारण तो विंडोजच्या बाजूला आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड या क्रमाने जाऊन आपला माइक उघडावा आणि ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करावे. संगणक बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा ध्वनी-प्रोग्रॅम असेल तर त्यातलेही गोंगाट-नियंत्रण आणि प्रतिध्वनी-नियंत्रण वेगळे बंद करावे लागते. वहिनींच्या संगणकावर दोन्ही ठिकाणी बंद केल्यावर तानपुरा जसाच्या तसा परत आला.

दुसरी अडचण परवानगीची. २०१८ च्या वसंतातल्या विंडोज १० च्या अद्ययावतीकरणापासून नेहमीच्या डेस्कटॉप प्रोग्रॅमना माइक वापरू द्यायचा की नाही, हे ‘प्रायव्हसी’ मधल्या ‘मायक्रोफोन’ च्या पानावर ठरते. त्या पानावर वर वेगवेगळ्या ॲपची यादी दिसते आणि तिच्यात ऑडॅसिटी नसल्याने माणूस गोंधळतो. तिच्यासाठीची कळ पानाच्या अगदी तळाशी, ‘डेस्कटॉप ॲप्सना माइक वापरू द्या’ अशा अर्थाची आहे. ती बंद असेल तर कधी त्रुटीचा संदेश येतो, तर कधी ध्वनिमुद्रण सुरळीत चालू असल्यासारखे दिसते आणि पडद्यावर नुसती सपाट रेघ सरकत राहते. जिथे मंद खरखरसुद्धा नाही अशी रेघ दिसली की मी आधी हे पान उघडतो. खऱ्या माइकची रेघ इतकी निष्प्राण कधीच नसते; शांत खोलीतही ती किंचित थरथरते.

त्रुटीच्या क्रमांकांबद्दल मात्र मी ऑडॅसिटीला कमी गुण देईन. ‘उणे ९९९९’ हा सर्वाधिक दिसणारा क्रमांक, आणि त्याचा अर्थ एवढाच की खालच्या थरातून अनपेक्षित अडचण आली. अर्थातच यावरून काहीही कळत नाही. बाकीचे क्रमांक बोलके आहेत, पण ते ज्याला ठाऊक त्यालाच. ‘उणे ९९९७’ म्हणजे नमुना-दर मान्य नाही, ‘उणे ९९९८’ म्हणजे चॅनेलची संख्या मान्य नाही, ‘उणे ९९९६’ म्हणजे निवडलेले उपकरण वैध नाही, आणि ‘उणे ९९८५’ म्हणजे उपकरण आहे पण उपलब्ध नाही, बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रॅमने धरून ठेवले आहे. हे पोर्टऑडिओचे ठरलेले अर्थ आहेत. मीटिंगचे सॉफ्टवेअर मागे उघडे असेल तर शेवटचा क्रमांक येऊ शकतो. ते पूर्ण बंद केल्यावर काम होते. ते न झाल्यास साउंडच्या जुन्या पॅनेलमध्ये माइकच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर जाऊन एकाच प्रोग्रॅमला उपकरणाचा पूर्ण ताबा देणारी खूण काढून पाहावी.

या संदेशांमधली एक बाब विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दोष रेकॉर्डिंगच्या उपकरणाचा असल्याचे सांगितले जाते, पण अडचण प्लेबॅकच्या उपकरणात असू शकते. ध्वनिमुद्रण चालू असताना आधीचे ट्रॅक ऐकू यावेत, ही सोय ऑडॅसिटीत मुळातच चालू असते. त्यामुळे प्रकल्पात आधीचा एखादा ट्रॅक असला की ती माइकबरोबर हेडफोनही एकाच वेळी उघडते. हेडफोन काढून ठेवलेला असला, किंवा त्याचा दर माइकशी जुळत नसला, तर माइक धडधाकट असूनही काम थांबते. नव्या रिकाम्या प्रकल्पात मुद्रण होते पण जुन्यात होत नाही, असे दिसले की कारण बहुतेक हेच. वाचनाच्या कामात जुना ट्रॅक ऐकत बसायचे नसतेच. मी ‘ट्रान्सपोर्ट ऑप्शन्स’ मधली ती खूण काढून टाकली आहे.

दराच्या जुळणीला फारसे काही लागत नाही. विंडोजमध्ये माइकचा दर, विंडोजमध्येच हेडफोनचा दर आणि ऑडॅसिटीतला प्रकल्पाचा दर, हे तिन्ही ४४,१०० किंवा तिन्ही ४८,००० हर्ट्झ ठेवावेत. कोणता यापेक्षा तिन्ही सारखे आहेत का, हे महत्त्वाचे. नव्या आवृत्त्यांत प्रकल्पाचा दर ‘ऑडिओ सेटिंग्ज’ मध्ये आहे. जुन्या सवयीचे लोक तो खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात शोधत राहतात.

चॅनेलच्या बाबतीत एक फसगत अशी आहे, जिच्यापायी चांगली ध्वनिमुद्रणे वाया जातात. दोन माइक लावता येतील असे यूएसबी साउंड कार्ड घेतले आणि माइक एकच लावला, की स्टिरिओमध्ये आवाज फक्त डाव्या कानात येतो. त्यावर सुचणारा साधा उपाय म्हणजे मोनो निवडणे. पण एमएमईच्या वाटेने मोनो निवडल्यावर दोन्ही बाजूंची सरासरी घेतली जाते, आणि त्यातली एक बाजू रिकामी असल्याने पडद्यावरचा तरंग अर्ध्या उंचीच्या वर जातच नाही. वाचणारा समजतो की आवाज कमी पडतो आहे, म्हणून तो कार्डाचे बटण वाढवतो. आवाज आत फुटू लागतो, पण पडद्यावर शिखरे अर्ध्याच उंचीवर सपाट छाटलेली दिसतात आणि धोक्याचा लाल दिवा लागत नाही. मी अशा वेळी स्टिरिओमध्येच मुद्रण करतो, नंतर ट्रॅकचे दोन मोनो भाग करून रिकामा भाग पुसून टाकतो. पातळी ठेवताना सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील इतकेच पाहावे.

ब्लूटूथ हेडसेट या कामासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माइक उघडताच तो संभाषणाच्या पद्धतीवर जातो. नमुना-दर ८,००० किंवा १६,००० हर्ट्झपर्यंत उतरतो आणि ऐकू येणारा आवाजही लगेच जुन्या टेलिफोनसारखा होतो. ‘स’, ‘श’ आणि ‘ष’ यांतला फरक धड ओळखू येत नाही. पाठ्यपुस्तक वाचणाऱ्याला हे चालण्यासारखे नाही.

जुन्या कॅसेट संगणकावर उतरवणाऱ्यांनी डेस्कटॉपच्या मागच्या बाजूकडे नीट पाहावे. गुलाबी छिद्र माइकचे, निळे लाइन-इनचे, हिरवे हेडफोनचे. कॅसेट प्लेअरची तार निळ्यात जाते; गुलाबीत घातली तर आवाज फाटलेला येतो. मोबाइलच्या हेडफोनची चार पट्ट्यांची पिन गुलाबी छिद्रात घालून तिचा माइक चालत नाही, त्यासाठी दोन तोंडांची वेगळी जोडतार लागते. संगणकावरच वाजणारा आवाज मुद्रित करायचा असेल तर होस्ट वासापी करावा आणि रेकॉर्डिंगच्या यादीतून ‘लूपबॅक’ असे लिहिलेले उपकरण निवडावे. ही सोय उत्तम आहे. मात्र संगणकावर काहीच वाजत नसेल तेव्हा मुद्रणही पुढे सरकत नाही. तो बिघाड समजू नये.

आधीच्या ट्रॅकवर दुसरा ट्रॅक गाणाऱ्यांना ऑडॅसिटीचा खरा कस लागतो. संगणकात आवाज शिरून उमटेपर्यंत थोडा वेळ जातो, आणि तो भरून काढण्यासाठी ऑडॅसिटी नवा ट्रॅक मुळात उणे १३० मिलिसेकंद सरकवते. हा आकडा अंदाजाचा आहे; प्रत्येक संगणकाचा वेगळा असतो. हेडफोनचा एक कर्णा माइकला टेकवून क्लिकचा, म्हणजे ठरावीक अंतराने टिकटिक करणारा ट्रॅक वाजवावा, तोच मुद्रित करावा, दोन्ही क्लिकमधले अंतर पडद्यावर मोजावे आणि त्याप्रमाणे आकडा बदलावा. दहा मिनिटांचे काम आहे, पण त्यानंतर हार्मोनियम आणि गळा एकत्र बसतात. गाताना स्वतःचा आवाज संगणकातून विनाविलंब ऐकायचा असेल, तर मात्र ऑडॅसिटीकडून ती अपेक्षा ठेवू नये. व्यावसायिक कार्डे ज्या अस्यो (ASIO) पद्धतीने विलंब कमी करतात, ती परवान्याच्या अडचणीमुळे ऑडॅसिटीच्या वाटल्या जाणाऱ्या आवृत्त्यांमध्ये वर्षानुवर्षे नव्हती. त्या कामासाठी रीपरसारखे सॉफ्टवेअर घ्यावे किंवा थेट ऐकण्याची कळ असलेले कार्ड घ्यावे.

भाषांच्या यादीत मराठीही आहे, याचा मला आनंद आहे आणि घरातल्या ज्येष्ठांसाठी ती निवडून द्यावी असे मी म्हणेन. माझ्या संगणकावर मी इंग्रजी ठेवली आहे, कारण त्रुटीचा संदेश शोधायचा झाला तर त्याचे उत्तर इंग्रजीतच मिळते. ‘हेल्प’ मधल्या ‘डायग्नॉस्टिक्स’ खाली ‘ऑडिओ डिव्हाइस इन्फो’ नावाची खिडकी आहे. तिच्यात प्रत्येक उपकरण आणि त्याला चालणारे दर लिहिलेले असतात. इतकी उपयुक्त माहिती इतक्या आत का ठेवली आहे, हे मला उमगत नाही.

एकट्याने वाचन, कीर्तन, मुलाखत किंवा रियाज मुद्रित करणाऱ्याला मी ऑडॅसिटीच सुचवीन. उपकरणांच्या बाबतीत लागणारी जवळजवळ प्रत्येक सोय तिच्यात आहे आणि त्यातली एकही पैसे मागत नाही. पाचपैकी चार गुण. उरलेला एक गुण देण्यासाठी माझी मागणी छोटीच आहे : ‘उणे ९९९९’ च्या शेजारी, आपण कोणते उपकरण, कोणत्या होस्टने आणि किती दराने उघडायला गेलो होतो, एवढी एक ओळ ऑडॅसिटीने लिहावी. ही तिन्ही उत्तरे त्या क्षणी तिच्याजवळ असतात.